घड्याळामागची डहाळी

थर्झा बेडोजचं सुनेशी पटत नाही हे आमच्या ऑर्लकोट गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण सून मेल्यावरही पटू नये म्हणजे कमालच झाली! फेब्रुवारीत केझायाला माती दिली, एप्रिल उजाडला, आणि झावळ्यांच्या रविवारी चर्चच्या साऱ्या आवारात एकच कबर उघडीबोडकी राहणार हे स्पष्ट दिसू लागलं. ती केझायाची.

झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा, हा आमच्याकडे कबरींचा सण. आदल्या दिवशी बायका बादल्या आणि ब्रश घेऊन जातात, दगड घासतात, गवत उपटतात. रविवारी मातीवर शेवाळ अंथरायचं, त्यात प्रिमरोज आणि डॅफोडिलची फुलं खोचायची आणि उशाशी यू नावाच्या झाडाची एक डहाळी रोवायची. खऱ्या झावळ्या इंग्लंडच्या थंडीत कुठून येणार? मग चर्चच्या दाराशी शेकडो वर्षं उभा असलेला, आतून पोखरलेला आणि तरी हिरवागार असलेला आमचा यूच त्या दिवसापुरता झावळ्या पुरवतो. पाद्रीबाबा त्याच्या डहाळ्यांवर प्रार्थना म्हणून एकेकाच्या हातात देतात, आणि माणसं ती घेऊन तडक आपापल्या माणसाकडे जातात. त्या दिवशी ज्याची कबर सजली नाही त्याला कुणी नव्हतं असं गाव समजतं. किंवा होते, पण नालायक होते.

आता हाच यू. आवारात आहे तोवर देवमाणूस. मेलेल्याच्या हातात त्याची काडी देतात, खड्ड्याच्या कडेने त्याच्या फांद्या लावतात. शाळेचे मास्तर सांगतात, आपल्या इंग्रजी कवींनी स्मशानावर लिहायला घेतलं की पहिल्या नाहीतर दुसऱ्या ओळीत हे झाड हजर. असेल बापडं. पण कवितेतला यू कागदावर राहतो. घराच्या उंबऱ्याच्या आत त्याचं एक पानही येता कामा नये. आलं, तर वर्ष उलटायच्या आत त्या घरातून शवपेटी निघते, आणि ज्याने आणलं त्याचीच निघते. ऑर्लकोटात हे कुणी मुद्दाम शिकवत नाही, आईच्या दुधाबरोबरच पोटात जातं.

तर त्या रविवारी सकाळी थर्झा अंजिराचं पुडिंग शिजायला घालत होती.

"फुलांवर पाणी मारून ठेवलंय," एनॉक म्हणाला. एनॉक तिचा नवरा. जन्मभर लोकांची गुरं सांभाळली. आता गुडघ्यांनी दगा दिला होता आणि त्याचा मुक्काम चुलीजवळच्या खुर्चीत असायचा. तरी पहाटे काठी टेकत सफरचंदाच्या बागेच्या उतारावर जाऊन टोपलीभर प्रिमरोज खुडून आला होता. "टोपली दाराशी आहे."

"दिसतीये मला. आंधळी नाही झाले अजून."

"मग नेशील ना?"

"नेईन की. तुझी आई आहे, माझे आईबाप आहेत. तेवढ्यांना पुरतील."

"आणि केझाया?"

थर्झाने पुडिंगच्या भांड्यावरचं फडकं असं करकचून आवळलं की दोरी तुटली. ती दुसरी दोरी शोधायला लागली.

"थर्झा, मी काय विचारतोय?"

"तिच्या माहेरचं बघेल कुणीतरी."

"माहेरी तिचं होतं कोण? एक मावशी, तीही याच साथीच्या तापात गेली. अगं, पोर तुझ्या उशाशी बसून बसून आजारी पडली. तू तापाने फणफणली होतीस, तुला शुद्ध नव्हती. मी बघत होतो ना. तुझं डोकं मांडीवर घेऊन चमच्या-चमच्याने पाणी पाजत होती ती."

"मी सांगितलं होतं बसायला?"

"धन्य आहे तुझी!" एनॉक काठी आपटत म्हणाला. "एकदा मी तिला म्हटलं, की तू उलटून का बोलत नाहीस हिला? तर काय म्हणाली माहीत आहे? 'राहू द्या बाबा. आईंना कुणावर तरी ओरडायला हवंय. देवावर ओरडायचा त्यांना धीर होत नाही.'"

थर्झाने नवी दोरी भांड्याला गुंडाळली आणि गाठ मारली. 

"यू घरात कुणी आणला, एनॉक?" ती एवढंच म्हणाली. टोपली उचलली, शाल घेतली आणि निघाली.

हा प्रश्न ती गेली दोन वर्षं विचारत होती. नवऱ्याला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना, आणि सगळ्यांत जास्त केझायाला.

जर्मनांशी चाललेल्या लढाईतला तो तिसरा नाताळ. त्यांचा एकुलता एक मुलगा अँब्रोज थोड्या दिवसांच्या रजेवर घरी आला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. केझाया ही डोंगरापलीकडच्या गावची, मोठ्याने हसणारी, नवऱ्याचे बूट घालून अंगणात फिरणारी, पाव हमखास करपवणारी पोरगी. थर्झाला ती आवडत नव्हती असं नाही. नाक मुरडायला सुनेत काहीतरी लागतं, तेवढंच होतं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी घर हिरव्या फांद्यांनी सजवलं. सकाळी थर्झा चूल पेटवायला उठली आणि तिची नजर घड्याळावर गेली. मागे खोचलेल्या फरच्या झाडाच्या फांद्यांमध्ये एक डहाळी वेगळी होती. गडद, मऊ, चपट्या पानांची. तिने हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"यू! हा यू कुणी आणला माझ्या घरात?"

सगळे धावत आले. अँब्रोजने तोंड उघडलं, तेवढ्यात केझाया पुढे झाली.

"मी आणला, आई. फांद्या कापताना अंधारात कळलं नाही."

अँब्रोजचा चेहरा लालभडक झाला. तो बादली उचलून विहिरीवर निघून गेला. बायकोच्या करणीची लाज वाटली त्याला, असं थर्झाला वाटलं. तिने डहाळी चुलीत घातली, जमिनीवर मीठ टाकलं, आणि सुनेला त्या दिवशी काय काय बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही. कुठल्या तरी शहरातली असती तर एक वेळ सोडलं असतं. पण डोंगरापलीकडेही यू आहेच की, आणि तिथेही तो घरात आणत नाहीत.

अँब्रोज परत गेला. पुढच्या ऑक्टोबरात बेल्जियमच्या चिखलात तो नाहीसा झाला. मेला एवढं कळलं. कुठे, ते कुणी सांगू शकलं नाही. पुरायला काही सापडलंच नव्हतं.

कबर नाही म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी पाद्रीबाबांनी थर्झाच्या हातात डहाळी दिली आणि ती तशीच उभी राहिली. गाव भराभरा आपापल्या माणसांकडे पांगलं. ही कुठे जाणार? आईबापांच्या डहाळ्या वेगळ्या होत्या, ही अँब्रोजची. घरी नेता येत नाही, आणि भिंतीपलीकडे टाकावी तर तो विषारी पाला खाऊन कुरणातली गुरं मरतील. शेवटी तिने यूच्याच पोखरलेल्या खोडात डहाळी ठेवून दिली, जिथून आली तिथेच, आणि तोंड लपवून घरी आली. तो सगळा जाळ मग रोज केझायावर निघायचा. पाव करपला म्हणून, हसली म्हणून, हसली नाही म्हणून. आणि एकदा, अँब्रोजच्या वाढदिवशी, थर्झा जे बोलायला नको ते बोलून गेली.

"यू तू आणलास. मग तुझ्याऐवजी त्याला का नेलं? तुला का नाही नेलं गं?"

केझाया भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही.

"मीही रोज तेच विचारते, आई," ती म्हणाली.

थर्झाला ते उत्तर उद्धटपणाचं वाटलं होतं. मग या फेब्रुवारीत ताप आला, आणि केझाया गेली. यूने उशिरा का होईना पण बरोबर माणूस नेलं, असं काहीतरी थर्झाच्या मनात येऊन गेलं होतं. पांघरुणाखाली पडल्या पडल्या, खाली अंगणातून पेटी नेताना ऐकू येत होती तेव्हा. त्याची तिला भीतीही वाटली होती. पण येऊन गेलं होतं खरं.

चर्चमध्ये प्रार्थना झाली. दारात पाद्रीबाबांनी थर्झाला कबरींच्या डहाळ्या दिल्या, शेवटी अँब्रोजची हातात ठेवली आणि क्षणभर तिचा हात धरून ठेवला.  तिने एनॉकच्या आईची कबर सजवली. मग आपल्या आईबापांची. सगळी फुलं तिथेच घातली, मुद्दाम, एक पाकळीसुद्धा उरू नये म्हणून.

"छान दिसतंय हो," मागून प्रोबर्टबाई म्हणाल्या. या बाईंना दुसऱ्यांच्या कबरींची फार काळजी. "आणि सूनबाईंची? राहिली वाटतं?"

"तुमच्या नवऱ्याचा दगड कलला आहे, प्रोबर्टबाई. आधी तो सरळ करा. बिचारा जिवंतपणी कधी सरळ उभा राहिला नाही, आता तरी राहू दे."

प्रोबर्टबाईंचं तोंड मिटलं. थर्झाला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती हातातली डहाळी यूच्या खोडात ठेवायला वळली, आणि तिला दिसलं की भिंतीकडच्या कोपऱ्यात केझायाच्या कबरीशी कुणीतरी गुडघे टेकून बसलंय.

"ए! हात काढ रे तिथून!"

तो उठून उभा राहिला. रूबेन वॉटकिन्स. अँब्रोजचा लंगोटीयार, दोघे एकाच दिवशी सैन्यात भरती झाले होते, एकाच तुकडीत. रूबेन कित्येक महिने इस्पितळात होता, मार्चमध्ये गावात परतला. डाव्या हाताची बोटं गेली होती. थर्झाने त्याला लांबून पाहिलं होतं. जवळ तो आलाच नव्हता.

"उघडी दिसली, काकू," तो ओशाळून म्हणाला. "आईची सजवली, तिची थोडी फुलं उरली होती. म्हटलं..."

"आमची आहे ती. आमचं आम्ही बघू."

"हो. चुकलं माझं." पण तो गेला नाही. टोपी हातात चुरगाळत राहिला. "घरी यायचं होतं तुमच्या. दोनदा फाटकापर्यंत आलो. पण मी परत आलो आणि तो नाही... तुम्हाला तोंड कसं दाखवायचं ते कळेना."

थर्झा जरा निवळली. लहानपणी याच पोराने तिच्या स्वयंपाकघरात बसून किती जॅम चोरून खाल्ला होता.

"येडा आहेस. तू काय त्याला ढकललंस का? ये की. अंजिराचं पुडिंग केलंय."

"येतो." त्याने कबरीकडे पाहिलं. "हिचं कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. अँब्रोज एकसारखा हिच्याबद्दल बोलायचा तिकडे. आम्ही चिडवायचो, बायकोवेडा म्हणून. त्याला काही फरक पडायचा नाही."

"तिनेच घालवला त्याला." थर्झाच्या तोंडून आपसूक निघालं.

"कुणी? केझायाने?"

"यू कुणी आणला माझ्या घरात? साऱ्या गावाला ठाऊक आहे. तुला नाही वाटतं?"

आणि रूबेन हसला. लढाईवरून आल्यापासून त्याला कुणी असं हसताना पाहिलं नव्हतं. जुन्या जॅमचोराचं हसू होतं ते.

"अहो काकू, तो यू? तो तर त्यानेच आणला होता! मीच होतो ना बरोबर. आम्ही दोघे सायडर पिऊन तर्र. अंधार पडलेला. या भिंतीमागे फरच्या फांद्या कापत होतो, आणि यूची एक फांदी भिंतीवरून बाहेर लोंबत होती, तिला कोयता लागला. घेतली ती पण भाऱ्यात. माझ्या आईने दारातच ओळखली. असा रट्टा घातला पाठीत! मी धावत तुमच्याकडे येणार होतो सांगायला, पण आईने बाहेरच पडू दिलं नाही. त्याच्या भाऱ्यातली तशीच आत गेली."

 थर्झाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू येत नाहीये.

"तिकडे गेल्यावर त्याने सगळं सांगितलं," रूबेन पुढे बोलतच होता, त्याला वाटलं घरच्या गमतीची आठवण आहे. "म्हणाला, सकाळी आई ओरडली, मी सांगणारच होतो, तेवढ्यात केझायाने माझ्या पायावर जोरात पाय दिला आणि म्हणाली, मी आणला. मग त्याने तिला विचारलं की असं का केलंस? तर म्हणाली, 'तुला परत जायचंय. तू आणलास हे कळलं तर आई रोज उठून तुझं मढं बघत बसतील. त्यापेक्षा माझं नाव असू दे. मी इथे चुलीपाशी, मला काय होतंय? आणि नेणारच असेल कुणाला, तर मला नेऊ दे.' अशी होती बघा. अँब्रोज म्हणायचा, घरी गेलो की आधी आईला खरं सांगतो. दोन थोबाडीत खाईन, पण तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवीन. तिनं ते सांगितलंच असेल म्हणा तुम्हाला, तो गेल्यावर..."

तो थांबला. थर्झाचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं.

"काकू? तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"तू जा बाळा," थर्झा म्हणाली. "घरी जा."

"मी काही वेडंवाकडं..."

"नाही रे. जा."

तो गेला. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं त्याने.

थर्झा उभीच होती. अँब्रोजचा लाल झालेला चेहरा तिला दिसला, विहिरीवर जाणारी त्याची पाठ दिसली. लाज नव्हती ती बायकोची. किती वेळा आठवला होता तिने तो चेहरा, आणि दर वेळी चुकीचा वाचला होता. आणि ती भांडी घासणारी पाठमोरी पोरगी. मीही रोज तेच विचारते, आई. उद्धटपणा! त्या पोरीने स्वतःला देऊ केलं होतं, आणि यूने ते घेतलं नाही. नवरा गेला तो गेला, आणि वर सासू रोज उठून विचारतेय की तुला का नाही नेलं. एक शब्द बोलली असती तर सुटली असती ती. मी नाही, तुमच्याच मुलाने आणला. बस, एवढंच! पण मग थर्झा कुणावर ओरडली असती? स्वतःचं मढं स्वतः घरात घेऊन येणाऱ्या मुलावर? ते त्या पोरीला बघवलं नसतं. म्हणून गप्प राहिली. मरेपर्यंत गप्प राहिली, आणि ज्या बाईने तिला जगू दिलं नाही तिच्याच तोंडात चमच्याने पाणी घालत राहिली.

 थर्झा कबरीशेजारी ओल्या गवतात बसली, रविवारच्या चांगल्या कपड्यांनिशी. हाताने गवत उपटायला लागली. दोन महिन्यांत फार उगवलं नव्हतं, पण जे होतं ते तिने मुळासकट काढलं. ढेकळं फोडली. शालीच्या टोकाने लाकडी क्रूस पुसला. दगड अजून बसवला नव्हता, कुणी बसवणार होतं की नाही कोण जाणे. मग टोपलीत हात घातला आणि तिला आठवलं की फुलं संपली आहेत. तिनेच संपवली होती.

ती उठली, आपल्या आईच्या कबरीपाशी गेली आणि वाकून निम्मी फुलं काढून घेतली.

"आई, उसनी घेते गं," ती पुटपुटली. "तुला पुढच्या वर्षी दुप्पट घालीन."

सारं आवार बघत होतं. प्रोबर्टबाईंचा तर आ वासलेला. बघू देत. थर्झाने फुलं केझायाच्या मातीत खोचली, रूबेनने ठेवलेल्या चार प्रिमरोजच्या बाजूने. रांग वाकडी होत होती, ती पुन्हा उपटून नीट खोचत होती.

"बोल ना गं," ती म्हणाली. "आज तरी बोल. उलटून बोल मला. थोबाडीत मार. मी हलणार नाही जागची, बघ."

कावळे ओरडत होते. कुणीतरी फाटक लोटलं. 

"माझी सोन्याची गं पोर ती," थर्झा म्हणाली, आणि आपल्या तोंडून हे शब्द पहिल्यांदाच बाहेर पडताहेत हे तिचं तिला ऐकू आलं. केझाया जिवंत असताना एकदा तरी म्हणायला काय जात होतं?

हातात डहाळी तशीच होती. अँब्रोजची, जिला जागा नव्हती ती. थर्झाने ती मधोमध मोडली. एक तुकडा केझायाच्या उशाशी रोवला. दुसरा घेऊन ती यूच्या खोडापाशी गेली, गेल्या वर्षीसारखा आत ठेवायला हात पुढे केला, आणि थांबली. मग तो तुकडा तिने शालीखाली धरला आणि घरची वाट धरली.

एनॉक खुर्चीत पेंगत होता. पुडिंगचं पाणी आटून भांडं खालून लागलं होतं, करपल्याचा वास साऱ्या घरात भरला होता. केझायाच्या पावाला यायचा तसाच. थर्झा उंबऱ्यात थांबली. उभ्या आयुष्यात तिने ही गोष्ट केली नव्हती, स्वप्नातही केली नसती. मग ती आत आली, सरळ घड्याळापाशी गेली आणि डहाळी मागे खोचली. जिथे ती त्या नाताळच्या सकाळी होती, बरोबर तिथे.

आवाजाने एनॉक जागा झाला. त्याने बायकोच्या चिखलाने भरलेल्या हातांकडे पाहिलं, भिजलेल्या कपड्यांकडे पाहिलं, आणि मग घड्याळाकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे काय? हा इथे कुणी आणला?"

"मी आणला."

"थर्झा, डोकं फिरलं का तुझं? काढ तो. काढ आधी!"

"अँब्रोजने आणला होता, एनॉक," थर्झा म्हणाली. आवाज कोरडा, जसा बाजारात काय भाव आहे ते सांगावं तसा. "तेव्हा. केझायाने नाही. रूबेनने सांगितलं, तो बरोबर होता. आपल्या पोरावर येऊ नये म्हणून तिने स्वतःचं नाव सांगितलं. आणि मी तिला विचारलं की तुला का नाही नेलं. तुला ठाऊक नाही, तू अंगणात होतास. मी विचारलं तिला तसं."

एनॉक घड्याळामागच्या डहाळीकडे बघत राहिला.  

"राहू दे तो तिथेच," थर्झा म्हणाली. "मी आणलाय. आता मला नेऊ दे. माझी तयारी आहे."

एनॉकने काठी शोधली. खुर्चीच्या हातावर जोर देऊन, कण्हत, तो उठला. लंगडत लंगडत घड्याळापाशी गेला आणि डहाळी काढून घेतली. थर्झाला वाटलं, चुलीत टाकणार. पण तो चुलीकडे गेला नाही. दाराकडे गेला, उंबरा ओलांडून बाहेर अंगणात उतरला, दुखऱ्या पायाने, भिंतीला धरून. बाहेर क्षणभर उन्हात उभा राहिला. मग वळला आणि डहाळी हातात घेऊन पुन्हा उंबरा ओलांडून आत आला. घड्याळामागे ती जशी होती तशी खोचली.

"हा यू मी आणला," तो धापा टाकत म्हणाला. "कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

थर्झाच्या घशातून असा आवाज निघाला की तो तिचा आहे हे एनॉकला पहिल्यांदा कळलंच नाही. मुलाची बातमी आली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. ती तिथेच जमिनीवर बसली, नवऱ्याच्या पायाशी, आणि त्याचा दुखरा गुडघा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"अस्संच," ती म्हणाली. "अगदी अस्संच म्हणाली रे ती! आणि मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही."